आबाशेठचं नाव नसलेली पाटी

गुरुवार, सकाळचे अकरा. माणगिरीत आठवडी बाजार भरला होता आणि आबाशेठ शिरगुप्प्यांच्या तेलगिरणीच्या ओसरीवर आधार सेवा क्लबची मंडळी देणगी मागायला बसली होती.

अध्यक्ष उकिडवे वकील आणि प्रसिद्धिप्रमुख टिपणीस. टिपणीस म्हणजे जुने वार्ताहर. बी. ए. झालेले, आणि उभा जन्म तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांशी भांडण्यात घालवलेले. निवृत्तीनंतर भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून समाजसेवेत शिरले. आता कुणी कुणाला हार घातला याच्या बातम्या लिहीत होते, आणि त्याही तितक्याच त्वेषाने!

देणगी मागायला जाताना एक ‘लाभार्थी’ बरोबर न्यायचा, हा क्लबचा रिवाज. आज भाजीवाली शेवंताक्का होती. तिने हात जोडून गप्प उभं राहायचं, एवढंच काम.

मागणी होती बाजारात बायकांसाठी संडासाची. पहाटे खेड्यांतून निघालेल्या बाया दिवेलागणीपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. जायला जागाच नव्हती! मागच्या बाजारी शेवंताक्काची सून भोवळ येऊन वांग्यांच्या ढिगावर कोसळली होती.

“बांधून देतो!” आबाशेठ म्हणाले. “पण शिरगुप्प्यांचं नाव तेलाच्या डब्यावर आहे. तेच संडासावर रंगवलंत, तर उद्या त्या तेलात भजी कोण तळेल? नाव नको!”

“गुप्तदान! वा!” उकिडवे गहिवरले.

“गुप्त कशाला? मी काय साधू आहे? दान माझं आहे हे अख्ख्या बाजाराला कळलं पाहिजे. मात्र पाटीवर नाव नको, भाषणात नको, पेपरात नको. तुम्ही सांगायचं नाही, माझ्या माणसांनी सांगायचं नाही. पुढच्या गुरुवारी मी बाजारात फिरेन. एकाने जरी दुसऱ्याचं नाव घेतलं, तर देणगी रद्द!”

“अहो, सांगायचं नाही आणि कळलं पाहिजे?” टिपणीस उसळले. “हा कुठला न्याय?”

“पैसे माझे, न्यायही माझा!”

उकिडव्यांनी घाम पुसला. टिपणिसांनी मनातल्या मनात तीन जळजळीत अग्रलेख लिहिले. एकाचाही उपयोग नव्हता.

तेवढ्यात लाभार्थीने तोंड उघडलं. “शेठ, एक पाटी रंगवली तर चालंल? तुमचं नाव नसंल तिच्यावर.”

“नसेल तर खुशाल रंगव.”

बाहेर आल्यावर शेवंताक्काने मजकूर सांगितला, टिपणिसांनी लिहून घेतला आणि दोन दिवसांत बाजाराच्या कोपऱ्यावर भलीमोठी पाटी लागली: ‘येथे महिलांसाठी स्वच्छतागृह होणार. संपूर्ण खर्च आधार सेवा क्लबचे सभासद स्वतःच्या खिशातून करणार.’

उकिडव्यांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. “अक्का, तू तर आमचा सत्कारच केलास!”

“पण हे धडधडीत खोटं आहे!” टिपणीस म्हणाले.

“सायेब, तुमच्या बातम्या मी नातीकडनं वाचून घेते,” शेवंताक्का म्हणाली. “मग ह्येच खोटं कसं टोचाय लागलं?”

टिपणिसांनी स्वतः लिहिलेला मजकूर पुन्हा एकदा वाचून पाहिला. लिहायला लागल्यापासून ही पहिलीच वेळ.

गुरुवार उजाडला. पाटीपुढे ही गर्दी! आबाशेठ तोंडाला मफलर गुंडाळून टिपणिसांच्या मागे उभे राहिले. टिपणिसांनी एका कांदेवाल्याला विचारलं, “काय रे, हे कोण बांधतंय?”

“शिरगुप्पे शेठ!”

“पाटी वाचलीस का?”

“वाचली म्हणून तर कळलं!” कांदेवाला खो खो हसला. “क्लबवाले? सोताच्या खिशातनं? अवो, गेल्या थंडीत म्हाताऱ्यांना ब्लँकेटं वाटली, अन् फोटो झाल्यावर परत घिऊन गेले! पाटी बघताच वळखलं, देणारा दुसराच हाय. पंचक्रोशीत एवढं देणारी मूठ एकाचीच!”

त्या ब्लँकेटवाटपाची चार कॉलमी बातमी टिपणिसांचीच होती. ते घाईघाईने पुढे सरकले.

बांगड्यांच्या दुकानात तेच. “शेठच! नाव लावून घ्यायला लाजला असंल बिचारा.” चहाच्या गाड्यावर तेच. “क्लबनं नेत्रतपासणी शिबिर घेतलं, तवा डॉक्टरला बोलवायचंच राह्यलं. ते संडास बांधतील व्हय? शेठ हाय ह्याच्यामागं!” मिरचीवाल्या म्हातारीने तर पाटी वाचलीच नव्हती. बाजार का हसतोय एवढंच तिने शेजारणीला विचारलं होतं. तीही म्हणाली, “आबाशेठ!”

बाजार संपला, दुसरं नाव निघालं नाही. आबाशेठनी मफलर सोडला आणि शेवंताक्काच्या भाजीपुढे बसकण मारली.

“बाई, माझं नाव तू कुणाच्या कानात सांगितलंस? खरं बोल!”

“कुणाच्याच न्हाई. तुमचं नाव सांगायची गरजच काय? नुसतं ह्यांचं नाव लावलं, की मान्सं आपसूक खऱ्या देणाऱ्याला हुडकत निघत्यात!”

आबाशेठ असे हसले, की शेजारच्या टोपलीतली कोंबडी फडफडली. उकिडवे वकीलही हसले. अर्थ त्यांना घरी गेल्यावर कळला.

“उद्या पाया खोदायला घेतो!” शेठ म्हणाले. “गिरणीच्या विहिरीचं पाणीही देतो. आता तुझं बक्षीस माग.”

“किल्ली माझ्याकडं ऱ्हाऊ दे. क्लबकडं दिली, तर उद्घाटनाला मंत्री मिळंपर्यंत कुलूप निघायचं न्हाई.”

किल्ली तिला मिळाली. वर सुनेसाठी तेलाचा डबाही! स्वच्छतागृह बांधून झालं, पहिल्याच बाजारी उघडलं. हार नाही, भाषण नाही. टिपणिसांनी फक्त चार ओळींची बातमी दिली, तीही खरी.

तिच्याखाली पाचव्या ओळीत त्यांनी एक प्रश्न घातला होता. बाजारात बसणाऱ्या प्रत्येक बाईला नगरपालिका दर गुरुवारी पावती फाडून देते आणि तिच्यात स्वच्छता कर घेते. इतकी वर्षं तो कुठल्या स्वच्छतेवर खर्च झाला? नगरपालिकेने अजून उत्तर दिलेलं नाही. कर मात्र याही गुरुवारी घेतला.