झुपकी खार आणि डुगडुग गाडी

तुम्ही नव्हतात, तेव्हाची गोष्ट. करंजवाडीत तेव्हा रोज सकाळी एक गाडी यायची.

डुग डुग डुग! डुग डुग डुग!

काळी काळी, जुनी जुनी मोटरसायकल. यासीनचाचांची. मागं पत्र्याची पेटी. पेटीत गरम गरम पाव.

"पाऽव! बटर! टोऽस्ट!"

डुग डुग ऐकलं, की वाडी उठायची. दारं उघडायची. चुली पेटायच्या.

आणि फणसावरून उतरायची झुपकी खार. एवढीशी खार. एवढ्ढी मोठी शेपटी!

चाचा म्हणायचे, "आलीस गं झुपके? घे." आणि टोस्टचा तुकडा द्यायचे.

कुट कुट कुट! झुपकी खायची.

एक दिवस काय झालं? सकाळ झाली. डुग डुग आलं नाही. चाचा आले नाहीत. टोस्टही नाही.

झुपकी निघाली शोधायला. सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

मिस्त्रीच्या दुकानापुढं गाडी उभी होती. शेजारी चाचा बसले होते.

"गाडी, गाडी, चल ना! मला टोस्ट मिळेना!"

गाडी म्हणाली, "फुस्स! फुस्स! कशी चालू? इंजिन आणि सायलेन्सर जिथं जुळतात ना, तिथं एक गोल चकती असते. तिचं नाव गॅस्केट. माझं गॅस्केट झिजलं. तिथून धूर निसटतो, फुस्स! मिस्त्री नवं बसवेल, तर मी चालेन."

चाचा म्हणाले, "म्हातारी झाली माझी गाडी. आज नीट झाली तर झाली. नाही तर उद्या भंगारात."

भंगारात! झुपकी धावलीच.

सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, गॅस्केट बसवा ना!
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

दाजी मिस्त्री म्हणाले, "बसवलं असतं गं. पण नवं गॅस्केट आहे त्या डब्यात. डबा उघडेल, तर मी बसवेन."

सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

"डब्या, डब्या, उघड ना!
मिस्त्री बसवेना,
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

डबा म्हणाला, "खर्रर्र! माझं झाकण गंजलंय. बुदली तेल ठिबकवेल, तर मी उघडेन."

सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

फळीवर तेलाची बुदली. लांब लांब नाकाची.

"बुदली, बुदली, ठिबक ना!
डबा उघडेना,
मिस्त्री बसवेना,
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

बुदली नाकातून बोलली, "कशी ठिबकू? बाझ्या डाकात कुंभारीण बाशी बसली आहे. चिखलाचं घर बांधते आहे. ती दिघेल, तर बी ठिबकेद."

सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, निघा ना!
बुदली ठिबकेना,
डबा उघडेना,
मिस्त्री बसवेना,
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

कुंभारीण माशी म्हणाली, "गुंऽऽ! मग मी राहू कुठं? दुसरं घर बांधायला ओला चिखल हवा. माती तर सगळी सुकली. हापसा पाणी देईल, तर मी निघेन."

सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

"हापश्या, हापश्या, वाह ना!
कुंभारीण निघेना,
बुदली ठिबकेना,
डबा उघडेना,
मिस्त्री बसवेना,
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

हापसा म्हणाला, "कर्रर्र कच! मी आपला आपण वाहतो होय? शेवंतामावशी मला हापसेल, तर मी वाहेन."

सुर्र टुणुक! सुर्र टुणुक!

शेवंतामावशी ओटीवर बसली होती. पाळण्याची दोरी ओढत होती. डोळे पेंगुळलेले. केस विस्कटलेले.

"मावशी, मावशी, हापस ना!
हापसा वाहेना,
कुंभारीण निघेना,
बुदली ठिबकेना,
डबा उघडेना,
मिस्त्री बसवेना,
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

मावशी म्हणाली, "कशी येऊ बाई? माझं बाळ रडतंय. बाळ झोपेल, तर मी हापसेन."

सुर्र टुणुक! झुपकी चढली पाळण्याच्या कडीवर.

"बाळा, बाळा, झोप ना!
मावशी हापसेना,
हापसा वाहेना,
कुंभारीण निघेना,
बुदली ठिबकेना,
डबा उघडेना,
मिस्त्री बसवेना,
गाडी चालेना,
मला टोस्ट मिळेना!"

बाळ काय म्हणालं?

"टॅहँऽऽ!"

झुपकी बिचारी! आता कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं. तिची शेपटी खाली पडली. ती कडीवर नुसती बसून राहिली.

पण मावशीची दोरी थांबली होती.

"काय म्हणालीस? गाडी चालेना? कुणाची गं? आपल्या यासीनचाचांची?"

"हो, मावशी. तीच. उद्या भंगारात देणार."

मावशी म्हणाली, "अगं बाई! तरीच! रोज डुग डुग ऐकून माझं बाळ झोपतं. आज डुग डुग आलंच नाही. म्हणून हे रडतंय!"

मग ती हळूच हसली.

"मी ना, एवढीशी होते. दोन वेण्या होत्या मला. शाळेला उशीर झाला, की चाचा मला उचलायचे. पुढं टाकीवर बसवायचे. मागं पावांचा वास. खाली गाडीचा आवाज. पोटात गुदगुल्या व्हायच्या. कसा होता तो आवाज? थांब हं…"

मावशीनं बाळाला घेतलं. खांद्यावर थोपटलं. डोळे मिटले.

"डुग… डुग… डुग… डुग… डुग… डुग…"

अगदी तस्सा आवाज!

बाळ रडायचं थांबलं. बाळानं ऐकलं. बाळानं जांभई दिली. आऽऽ!

श्श्श… बाळ झोपलं.

बाळ झोपलं, तशी मावशी उठली. कर्रर्र कच! कर्रर्र कच! तिनं हापसलं.

मावशीनं हापसलं, तसा हापसा वाहिला. धो धो धो!

हापसा वाहिला, तशी माती भिजली. पचक पचक चिखल झाला. कुंभारीण निघाली. गुंऽऽ! चिखलाची गोळी घेतली आणि गेली फणसाच्या खोडावर.

कुंभारीण निघाली, तशी बुदली शिंकली. आक्छी! नाक मोकळं झालं. टिप टिप टिप, ती ठिबकली.

बुदली ठिबकली, तसा डबा उघडला. खट्ट!

डब्यात होतं नवं कोरं गॅस्केट. गोल गोल. चकचकीत.

दाजी मिस्त्री म्हणाले, "आण इकडं!"

त्यांनी सायलेन्सर सोडवला. झिजलेलं गॅस्केट काढलं. खर्र खर्र, काजळी खरवडली. नवं गॅस्केट बसवलं. मग पाना घेतला. थोडा या बाजूचा नट पिळला, थोडा त्या बाजूचा. थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला.

"चाचा, मारा किक!"

चाचांनी किक मारली. काही नाही.

पुन्हा मारली. काही नाही.

चाचांनी टाकीवरून हात फिरवला. "चल गं पोरी," म्हणाले. आणि मारली किक.

डुग!

डुग डुग!

डुग डुग डुग! डुग डुग डुग!

मिस्त्रींनी जोडावर साबणाचा फेस लावला. "बघू, बुडबुडा येतोय का?"

सगळे वाकले. सगळ्यांनी बघितलं.

एकही बुडबुडा नाही. फुस्स नाही!

"झालं काम," मिस्त्री म्हणाले.

यासीनचाचांनी डोळे पुसले. "धूर गेला डोळ्यात," म्हणाले. धूर तर कुठंच नव्हता.

गाडी निघाली. वाडीत शिरली. डुग डुग डुग! पटापट दारं उघडली. कुणी टोपली घेऊन आलं, कुणी ताटली. शेवंतामावशी आली, बाळ खांद्यावर. बाळ झोपेत हसत होतं.

आणि फणसाखाली गाडी थांबली.

"झुपके, अगं झुपके! कुठं आहेस?"

सुर्र टुणुक! झुपकी समोर हजर.

चाचांनी पेटी उघडली. आज तुकडा नाही दिला. अख्खा टोस्ट दिला! झुपकीपेक्षा मोठा!

झुपकीनं तो दोन्ही हातांत धरला. टोस्टमागं झुपकी दिसेचना. दिसली फक्त शेपटी.

कुट कुट कुट! कुट कुट कुट!

टोस्ट गेला झुपकीच्या पोटात, गोष्ट राहिली आपल्या ओठात.