सोवळ्याची घागर

एकदा एका मठात ऐन नैवेद्याच्या वेळी नळ कोरडा पडला. भरलेली अशी एकच घागर उरली, आणि तीही सोवळ्याची. ओवळ्याने तिला बोटसुद्धा लावायचं नाही.

त्या दिवशी नैवेद्याचा स्वयंपाक यमुनेकडे होता. मठाच्या वृद्ध गुरूंकडे, अप्पांकडे, ती शिकायला आली होती. काल आलेल्या पोरीने देवाची चूल सांभाळावी हे मठातल्या जुन्या भागीरथीकाकूंना आणि कारभारी नानांना मुळीच पटलेलं नव्हतं. वडा सोडताना तेल उडालं ते थेट तिच्या मनगटावर. तिने ओठ घट्ट मिटले. ओरडलं तर ही चूल आपल्याला पुन्हा मिळायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण काकूंनी पाहिलंच. "लक्ष कुठे होतं गं तुझं?"

भाजलेल्या माणसाची आधी उलटतपासणी घ्यायची, ही आपल्या वडीलधाऱ्यांची जुनी खोड. मागोमाग उपचार निघाले. काकूंनी तुपाची वाटी आणली, नानांनी टूथपेस्ट. "मी म्हटलंच होतं, हिला झेपायचं नाही," हे नानांकडून वर फुकट.

तेवढ्यात अप्पा अंगणातून ओवळ्या धोतरानेच आत आले आणि त्यांनी सरळ ती घागर उचलली.

"अप्पा, अहो सोवळं! देव उपाशी राहील!" काकू किंचाळल्या.

"थांबेल थोडा. आपल्याकडे आल्यापासून त्याला सवय आहे."

त्यांनी यमुनेच्या बांगड्या हलकेच उतरवल्या, तिचा हात परातीवर धरला आणि बारीक धार सोडली. घागर संपत आली तसा हात परातीतल्या गार पाण्यात बुडवून ठेवला. चांगली वीस मिनिटं ते तसेच बसून होते. मग त्यांनी स्वच्छ सुती फडकं सैलसर गुंडाळलं. "फोड आला तर फोडू नकोस हं, बाळ."

नाना धुमसत होते. अप्पा म्हणाले, "तेल पुसलं तरी आच कातडीत राहते, नाना. वर तूप थापलं की ती आतच कोंडते. तुमचं बोलणंही त्या तुपासारखंच. लावणाऱ्याला समाधान, भाजलेल्याची आग तशीच. आधी आच निघू द्यावी. त्याला साधं पाणी लागतं आणि जवळ बसणारं माणूस."

मग यमुनेकडे वळून म्हणाले, "हात बरा झाला की वडे तूच तळायचेस."

काकूंनी रिकामी घागर उचलली. पार खालच्या विहिरीवर पाणी आणायला निघाल्या, पण दारातून परत फिरल्या आणि यमुनेपाशी खाली बसल्या.

"फार दुखतंय का गं?"

इतका वेळ कोरडी राहिलेली यमुना तेव्हा कुठे रडली.

घरात कुणाला भाजलं तर आधी पाणी. आणि विचारायचंच असेल, तर एवढंच.