पाचव्या बैठकीचा डाव

नदीच्या एका वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावाला बुद्धिबळाचं वेड होतं. वेड इतकं, की गावचे पंचसुद्धा पटावर ठरत. जो चार चाली पुढचं बघतो तोच गावाचं पुढचं बघेल, असं जुन्या लोकांना वाटलं असावं. देवळापुढच्या चौथऱ्यावर पाच पंचांच्या पाच बैठका मांडलेल्या असत. गावातला सगळ्यांत चांगला खेळणारा पहिल्या बैठकीवर बसे, त्याच्याहून थोडा कमी तो दुसऱ्या, असं करत पाचव्यापर्यंत. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, गावातल्या कुणीही येऊन पाचांपैकी कुणालाही डाव मागावा. जिंकला तर त्याची बैठक आपली. हरला तर मात्र सात वर्षं पुन्हा मागायची नाही.

नियम तसा सरळ होता. तरीही अठरा वर्षांत एकाही बैठकीवरचा माणूस बदलला नव्हता.

पहिल्या बैठकीवर विसाजीपंत होते. त्यांनी एकदा पंचांकडून ठराव करून घेतला, की रंगाऱ्यांनी गावच्या घाटावर कापड धुवायचं नाही. पायऱ्या लाल-निळ्या होतात, त्यांच्या घरच्या मंडळींना ते बघवत नाही, एवढंच कारण. रंगाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून रंगारी आळीतल्या बायका ओल्या कापडाचे पिळे डोक्यावर घेऊन अर्धा कोस खाली, खडकाळ काठावर जाऊ लागल्या. तिथं शेवाळ होतं आणि पाण्याला ओढ होती. दुसऱ्याच वर्षी पारूबाई नावाची रंगारीण तिथं घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. हाड कसंबसं जुळलं, पण पाय कायमचा आखडला.

पारूबाईची धाकटी जाऊ सगुणा. तिनंच जावेला पाठीवर घालून घरी आणलं होतं. आळीतली माणसं तीनदा पंचांकडे गाऱ्हाणं घेऊन गेली. तिन्ही वेळा उत्तर मिळालं, की बैठकीवर बसलेल्यानं काढलेला विषयच पंचांपुढे येतो, बाहेरच्यांचा येत नाही. तिसऱ्या खेपेला सगुणा चौथऱ्यावरून घरी आली आणि चुलीपुढे बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "मी बुद्धिबळ शिकणार."

नवरा भला माणूस. त्यानं विचार केला आणि सांगितलं, की संध्याकाळचं कापड पिळायचं काम आजपासून माझं.

सोंगट्या कशा चालतात हे ती आठ दिवसांत शिकली. पण खेळायचं कुणाशी? तेव्हा विसाजीपंतांनी स्वतःच तिला बोलावून घेतलं. गावाला त्याचं फार कौतुक वाटलं. एवढा मोठा खेळाडू, आणि रंगारणीला समोर बसवतो. पंत सगळ्यांदेखत म्हणाले, "सूर्याकडे बघणाऱ्यालाच उजेड कळतो, सगुणे. शिकायचं तर माझ्याशी खेळ. लहानांशी खेळून माणूस लहानच राहतो."

सगुणा रोज संध्याकाळी देवळापुढे जाऊ लागली. पंत तिला रोज हरवत. कधी बाराव्या चालीला मात, कधी नवव्या. भोवती माणसं जमत आणि हसत. मात झाली की पंत लगेच सोंगट्या गोळा करून डब्यात टाकत आणि उद्या ये म्हणत. कुठं चुकलं असं तिनं एकदा विचारलं, तर पंत हसून म्हणाले, की सगळंच चुकलं, कुठलं एक सांगू?

दहा महिने हे चाललं. सगुणाला वाटे, आपण मठ्ठच आहोत. पटापुढे बसलं की तिचे हात गार पडत. पुढे पुढे तर ती विचारच करेनाशी झाली. कुठलीही सोंगटी हलवली तरी मरणारच आहे, मग विचार करून करायचं काय? खेळ येण्याऐवजी जो थोडा येत होता तोही जात चालला होता, आणि तरी ती रोज जात होती, कारण सगळं गाव सांगत होतं की तिचं भाग्य थोर.

माघात एकदा भर दुपारी ती रंगवलेला शेला द्यायला पंतांच्या घरी गेली. ओसरीवर पंत आणि दुसऱ्या बैठकीचे राघोबा डाव मांडून बसले होते. दोघंही पटावर वाकलेले. सगुणा खांबाजवळ थांबली. डाव लांबला, आणि शेवटी राघोबा जिंकले. तिला वाटलं, आता पंत सोंगट्या डब्यात टाकतील. पण पंतांनी सोंगट्या एकेक करून मागे नेल्या, पुन्हा मधल्या चालीपाशी आणून ठेवल्या आणि विचारलं, की इथं मी घोडा मागे घेतला असता तर? राघोबांनी दाखवलं. पंतांनी वाद घातला. दोघं त्या एका चालीवर किती तरी वेळ बोलत राहिले.

सगुणा शेला ठेवून निघाली. दहा महिन्यांत या माणसानं तिच्यासाठी एक प्यादंसुद्धा मागे नेलं नव्हतं. आणि जो तिला सूर्याकडे बघायला सांगतो, तो स्वतः मात्र आपल्या जोडीच्या माणसाशी खेळून शिकतो, तेही घरात, चार माणसांच्या नजरेआड.

वाटेत लिंबाजी तेल्याचा घाणा लागला. पाच-सहा वर्षांपूर्वी लिंबाजी गावात बरा खेळाडू म्हणून ओळखला जाई, हे तिनं ऐकलं होतं. ती आत गेली आणि त्याला विचारलं, की तुम्ही खेळ का सोडलात. लिंबाजीनं बैल थांबवला. त्यानं सांगितलं, की पंतांनी त्यालाही असंच बोलावून घेतलं होतं. तोही दोन वर्षं त्यांच्याकडून रोज हरला. मग अक्षय्य तृतीयेला सगळ्यांनी भरीला घातलं, शिष्यानं गुरूलाच डाव मागावा, खाली मागणं भित्र्याचं काम. त्यानं पंतांना मागितला, हरला, आणि सात वर्षं बाद झाला.

"सूर्याकडे बघणाऱ्यालाच उजेड कळतो, असं म्हणाले का तुम्हाला?" सगुणानं विचारलं.

लिंबाजी बैलाजवळून तिच्याकडे वळला. "हेच शब्द. माझ्याआधी कासाराला, त्याच्याआधी सुताराला. सूर्याकडे बघत राहिलं की डोळे जातात वहिनी, हे मला फार उशिरा कळलं."

सगुणाच्या अंगाची आग आग झाली. ती हरत होती म्हणून नव्हे. हरायची तर तिला आता सवयच झाली होती. पण गावानं दार उघडं ठेवलं होतं, आणि या माणसानं त्या दारात उभं राहून अठरा वर्षं येणाऱ्याला भलतीच वाट दाखवली होती, वर लोकांकडून उपकारकर्ता म्हणवून घेतलं होतं. कुलूप लावलं असतं तर निदान कुलूप दिसलं तरी असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती देवळापुढे गेली नाही. पण राग आला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही. तिनं आळीतल्या पोरांना गोळा केलं आणि त्यांच्याशी डाव मांडले. पंधरा दिवसांत एकही डाव हरली नाही. हात गार पडेनासे झाले, चेहरा उजळला. पारूबाई अंथरुणावरून हे बघत होती. एक दिवस तिनं सहज विचारलं, की आज पोरांकडून काय शिकलीस? सगुणानं पट मिटला.

"चिंध्या रंगवून कुणी रंगारी होत नाही," पारूबाई म्हणाली. "आणि शालू पहिल्याच दिवशी कढईत घालायला कुणी देत नाही. तू आपल्या बेताचं कापड बघ."

सगुणा पुन्हा घाण्यावर गेली. लिंबाजी तिच्यापेक्षा बरा खेळे, पण आभाळाएवढा नव्हता. पहिल्या आठवड्यात ती सगळे डाव हरली. मात्र प्रत्येक डाव पस्तीस-चाळीस चालींपर्यंत टिकला, आणि प्रत्येक वेळी हरायच्या आधी थोडा वेळ तिला वाटलं होतं, की आज जमतंय. डाव संपला की दोघं सोंगट्या मागे नेत. लिंबाजी दाखवी, की तुम्ही वजीर फार लवकर बाहेर काढता, मग त्याला वाचवण्यातच चार चाली जातात. दुसऱ्या दिवशी ती वजीर घरात ठेवी आणि हरे ती दुसऱ्याच कुठल्या कारणानं. रोज नवी चूक. जुनी पुन्हा होत नव्हती.

गाव हसलं. पंतांची संगत सोडून तेल्याच्या घाण्यावर बसते म्हणाले. त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला तिनं बैठक मागितलीच नाही, तेव्हा तर भ्याली असंच ठरलं. पंतांनी देवळात चारचौघांत खेद व्यक्त केला, की पोरीत धमक होती पण चिकाटी नव्हती. हे सगुणाच्या कानावर आलं तेव्हा ती नीळ ढवळत होती. तिनं इतक्या जोरात ढवळली, की अर्धी कढई तिच्या लुगड्यावर सांडली.

दिवाळीच्या सुमारास ती लिंबाजीबरोबर बरोबरीत खेळू लागली. संक्रांतीनंतर तिनं जिंकलेले डाव जास्त होऊ लागले. लिंबाजी सहजी हरणारा नव्हता. तिला हरवायचं म्हणून तोही नवं शोधू लागला, आणि त्याचाही खेळ वाढला.

अक्षय्य तृतीया आली. चौथऱ्यावर पाच पट मांडले होते. आळीतल्या माणसांनी पारूबाईला खाटेसकट आणून समोर ठेवलं होतं. सगुणानं पायरीवर पाऊल ठेवलं तसे पंत उठून उभे राहिले आणि गावाला म्हणाले, की ही माझी शिष्या. दहा महिने माझ्यासमोर बसलेली. ती आज माझ्याशीच खेळेल, खाली बसणं तिला शोभणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे हो, पंतांना दाखव, असं रंगारी आळीतलीही दोघं-तिघं ओरडली.

आणि खरं सांगायचं तर सगुणाला तेच हवं होतं. या माणसाचा वजीर आपल्या हातानं उचलून खाली ठेवावा, एवढी एकच इच्छा तिच्या मनात सव्वा वर्ष धुमसत होती. ती पंतांच्या पटाकडे दोन पावलं चाललीसुद्धा.

मग तिला दिसलं, की पंत हसतायत. त्यांना तिचा राग हवाच होता. लिंबाजीला मानानं भुलवलं, तिला संतापानं भुलवायचं, एवढाच फरक. ती थांबली. तिनं पारूबाईच्या खाटेकडे पाहिलं आणि वळून थेट पाचव्या पटापुढे जाऊन बसली.

सगळीकडे हशा पिकला. पाचव्या बैठकीवरचे अंताजी गोंधळून पंतांकडे बघू लागले. अठरा वर्षांत त्यांच्यासमोर कुणी बसलंच नव्हतं.

"अगं, घाबरलीस का मला?" पंतांनी विचारलं.

सगुणा बसल्या जागेवरून म्हणाली, "मी तुम्हाला हरवायला आले नाही, पंत. मी घाट सोडवायला आले आहे. पाचव्या बैठकीवरून बोललेलं पहिल्या बैठकीइतकंच ऐकू येतं."

हसणं विरलं. पंत आपल्या पटापुढे खाली बसले.

डाव सुरू झाला. अंताजी वाईट खेळाडू नव्हते, पण अठरा वर्षं कुणी आव्हानच न दिल्यानं त्यांचा हात गंजला होता. तरी त्यांनी सगुणाचा एक हत्ती खाल्ला. सगुणाचे हात क्षणभर गार पडले. पण हत्ती जाऊनही डाव संपत नाही, हे घाण्यावर तिनं कितीदा पाहिलं होतं. ती वाट बघत राहिली. अंताजींना हाव सुटली. त्यांचा वजीर कोपऱ्यातलं एक प्यादं खायला आत शिरला. ही चूक तिच्या ओळखीची होती, पंतांपुढे तिनं ती स्वतः पंचवीसदा केली होती. तिनं घोडा आणून वजिराची परतीची वाट बंद केली. तीन चालींत वजीर गेला, आणि तासाभरात शह बसलेल्या अंताजींच्या राजाला हलायला घर उरलं नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पंचांची सभा भरली, आणि सगुणानं पहिलाच विषय काढला. घाट का बंद केला, हे गावासमोर सांगा. पंतांनी पायऱ्यांवरच्या रंगाचं सांगितलं. मग तिनं जावेकडे बोट करून विचारलं, की या पायाचं काय? रंग पावसात धुऊन जातो, हा पाय कशानं नीट होणार?

 राघोबांनी मान खाली घालून घाट उघडायच्या बाजूनं हात वर केला, आणि मग चौथ्या बैठकीच्या म्हाताऱ्यानंही केला. तीन विरुद्ध दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आळी गावच्या घाटावर कापड धुवायला उतरली.

त्या दिवशी सभा संपल्यावर चौथऱ्यावरून उतरताना पंतांनी तिला गाठलं होतं. आवाजात साखर घालून म्हणाले, की झालं गेलं विसरून जा, पुन्हा येत जा माझ्याशी खेळायला.

"येईन पंत," सगुणा म्हणाली. "पण तुमच्या-माझ्यामध्ये तिघं बसलेत. आधी त्यांच्याशी खेळते. तुमच्यापर्यंत पोचले, की डाव झाल्यावर सोंगट्या तुम्हालाही मागे न्याव्या लागतील."

पुढच्या वर्षी लिंबाजीची सात वर्षं भरली. त्यानं डाव मागितला तो चौथ्या बैठकीला.

तात्पर्य काढायचं तर इतकंच: जो आपल्याहून एक पायरी वर आहे आणि हरवल्यावर चूक दाखवतो, त्याच्याशी खेळावं. जो थेट कळसाशीच झुंजायला सांगतो, तो आपल्याला पायरी चढू देत नाहीये, हे ओळखावं.