गुळाची तुला

एका राज्यात सोन्याला तोटा नव्हता, आणि राजाच्या घरचे मात्र मिठाला महाग होते. खजिन्यात मोहरांच्या राशी होत्या, दाराला सात कुलपं होती, आणि त्या कुलपांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. सोन्याला शाप होता. त्यातली एक मोहर बाहेर गेली की राजाच्या घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या आयुष्यातला एक महिना जाई. नवं नाणं आत पडलं तर तेही बाधे. म्हणून राजा विक्रांतसेनानं कर माफ केले, नोकरचाकरांना निरोप दिला आणि परसात वांगी लावली. मिशीला पीळ मात्र तो रोज देई. राजेपण तेवढंच उरलं होतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नव्हतं. राजपुत्र जयकेतू वर्षाचा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याची तुला झाली. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात मोहरा. पारडी सम झाली की मुलाचं नाव पुकारायचं आणि पारड्यात पडलेलं सगळं पाहुण्यांना वाटायचं. दुपारी नाव पुकारलं. मोहरा वाटून संपल्या, आणि मूल राणी चारुमतीच्या मांडीवर निजलं ते उठलंच नाही. शापाची गोष्ट नंतर कळली. कळून उपयोग काय?

पुढे दोन वर्षांनी मुलगी झाली. तिची तुला करायची कोणाला हिंमत झाली नाही. तुलेवाचून नाव नाही, म्हणून सगळे तिला नुसतं बाळी म्हणत. पण चौथ्या वाढदिवसाच्या सूर्यास्तापर्यंत तुला झाली नाही, तर ते मूल डोंगरापलीकडच्या मठाला द्यायचं आणि पुन्हा त्याचं तोंड पाहायचं नाही, असाही रिवाज होता. वाढदिवस महिन्यावर आला.

"आई, माझ्या वाढदिवसाला काय करायचं?" बाळीनं विचारलं.

"गोडधोड करू."

"पाहुणे किती येतील?"

राणीनं तोंड फिरवलं. घरात गुळाचा खडा नव्हता.

राजवाड्याच्या छपरावर एक धनेश पक्षी राही. तो वर्षातून एकदा बोले. त्या दिवशी तो बोलला.

"राणी, गुळानं तोल. गूळ घामाचा असू दे, ओवाळायच्या दिव्यातलं तूप दारोदार मागितलेलं असू दे, आणि पहिलं पान त्याचं मांड, ज्याच्या घरून हे सोनं आलं."

"तो कोण?"

"कंकाळ मांत्रिक. या राजाच्या आजोबानं त्याची पेटी लुटली, म्हणून त्यानं शाप दिला." एवढं सांगून धनेश डोळे मिटून बसला.

राणी गुऱ्हाळावर गेली. तिनं उसाच्या मोळ्या वाहिल्या, काहिलीतला रस ढवळला, हात पोळून घेतले. मजुरी म्हणून गुळाच्या ढेपा मिळाल्या. प्रधान हिशेबी माणूस. तो म्हणाला, "राणीसाहेब, महिनाभर बाळीबाईंचं जेवण कमी केलं, तर गूळ कमी लागेल." राणीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा दोन दिवस स्वतःच जेवला नाही.

मग ती वाटी घेऊन गावात निघाली. दारं उघडली, चमचा चमचा तूप पडू लागलं. कोणी तिच्या नजरेला नजर देईना. शेवटच्या दारात पार्वताक्का नावाची तेलीण उभी होती. ती म्हणाली, "राणीसाहेब, युवराजांच्या तुलेची मोहर मीपण घेतली होती. ठाऊक असतं तर हात पुढे केला नसता. ती चुलीखाली पुरलीय. तिच्यावर भाकरी भाजताना माझा जीव जळतो."

"आक्का, वाटल्या त्या आम्ही. तुमचा काय दोष?" राणी म्हणाली. दोघी दारातच रडल्या. वाटी भरली.

तिसरं काम अवघड होतं. कंकाळ राही तिथं नदी डोंगर चढून वर जाई. राणी पाण्यासोबत चढत गेली. गुहेच्या तोंडाशी एक म्हातारा चटई विणत बसला होता.

"कोणाची कोण तू?"

"लुटारूची नातसून. मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण द्यायला आले."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "ते सोनं कशाचं होतं, ठाऊक आहे? माझ्या मुलीच्या तुलेसाठी मी जन्मभर साठवलेलं. पेटी गेली. त्या सालच्या तापात मुलगीही गेली. बिननावाची गेली. तिला काय म्हणून हाक मारून रडू, हे मला आजही कळत नाही."

राणी खाली बसली. "माझ्या मुलाचं नाव एकच दुपार पुकारलं," ती म्हणाली. "तुमच्या शापानं तो गेला. तरी पहिलं पान तुमचंच मांडणार आहे."

 चटई बाजूला ठेवून म्हातारा उठला.

वाढदिवशी गाव लोटलं. केळीच्या पानांवर चुरमुरे आणि परसातल्या वांग्यांची भाजी, एवढाच थाट होता. पहिल्या पानावर कंकाळ बसला. राणीनं बाळीला ओवाळलं, राजानं तिला पारड्यात बसवलं. दुसऱ्यात ढेपा चढल्या. पहिली, दुसरी, शेवटची. पारडं बोटभर वर राहिलं. महिन्याभरात पोर वाढली होती.

सूर्य डोंगराला टेकला. राजानं मुकुट काढला आणि हात मागे घेतला. मुकुट त्याच सोन्याचा होता. गुऱ्हाळ दूर, उसन्या गुळाला घामाची अट. कोणी हलेना.

राणी आत गेली. परतली तेव्हा तिच्या मुठीत चांदीचे दोन वाळे होते. तिच्या माहेरचे, जयकेतूच्या पायातले. मुलाचं म्हणून तेवढंच तिच्यापाशी होतं.

"राहू दे," राजा म्हणाला. "पारड्यात पडलं ते वाटावं लागतं."

"ठाऊक आहे."

तिनं वाळे गुळावर ठेवले. पारडी सम झाली. राजानं नाव पुकारलं: "इरावती!" गावानं तीनदा म्हटलं.

पहिला वाटा पहिल्या पानाचा. राणीनं कंकाळच्या हातावर वाळे ठेवले, पण बोटं सुटेनात. म्हातारा थांबून राहिला. मग ती सुटली.

"माझ्या मुलीचे पाय एवढेच होते," तो म्हणाला. "शाप उतरला."

खजिन्याची सातही कुलपं गळून पडली. मुलीला न्यायला आलेले मठाचे लोक रिकाम्या हातानं परतले. राजानं पेटी कंकाळच्या दारी पोचवली, राज्य पुन्हा रुळावर आलं, वांगी मात्र तो लावतच राहिला.

तुलेच्या त्या संध्याकाळी इरावती गुळाचा खडा चोखत आईजवळ आली.

"ते वाळे कोणाचे होते?"

"तुझ्या दादाचे."

"दादा किती वर्षांचा?"

"एक वर्षाचा."

"अजून एकच?"

"अजून एकच."

मुलीनं बोटांवर मोजलं. "मी चार. म्हणजे मी मोठी झाले?"

"हो. आता तू मोठी."

"मग लहानाला आधी द्यायचा ना," असं म्हणून तिनं उष्टा खडा आईपुढे धरला. राणीनं तो घेतला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा जयकेतूला नावानं हाक मारून रडली.