हात लावू नये

“...पण बुवा, चांगली गोष्ट दारात आणून दिली तरी लोक ती घेत का नाहीत?”

शर्वाणी तावातावाने विचारत होती. जिल्ह्याच्या विकास आराखड्यावर काम करणारी इंजिनिअर. मासळीला वाळू लागू नये, ढगाळ हवेत ती कुजू नये, म्हणून तिने कोळीवाड्यात वाळवणाची काचेची पेटी बसवली होती. पेटी रिकामीच होती.

बुवा किनाऱ्यावरच्या मठात राहत. स्वतः मासळी खात नसत. वासाची तक्रारही करत नसत.

“दाखव,” म्हणत ते उठले.

पेटीभोवती तारेचं कुंपण. त्यावर पाटी.

“वाच.”

“प्रयोग चालू आहे. हात लावू नये.”

“मग सगळ्या गावानं तुझं ऐकलं की!”

शर्वाणीने पाटी पुन्हा वाचली.

बुवांनी पाटी उपटली, काखेत मारली आणि मठाकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ती धावत आली.

“बुवा, त्यांनी काच काढली! मासळी पसरायची ताटं उचकटली! आत दोऱ्या बांधल्यात!”

“मग तू काय केलंस?”

“तुमच्याकडे आले.”

“...चुकीच्या जागी आलीस.”

ती परत फिरली. पेटीपाशी वाडीतली हौसाबाय बोंबील टांगत होती. “आडवा घातला की चिकटतो, बाय. टांगून बघू.”

टांगले, तरी कुजले. वाडीभर घाण सुटली. बायका हसल्या, शर्वाणीला रडू आलं. मग सगळ्याच कामाला लागल्या. शर्वाणीने काच परत लावली, हवा खेळावी म्हणून खालून झरोके पाडले, वर धुरांडं बसवलं. ते पहिल्याच वाऱ्यात उडालं. हौसाबायच्या नवऱ्याने ते होडीच्या दोराने आवळलं.

आणि ऐन ढगाळ आठवड्यात बोंबील असे वाळले, की मोडताना टक्कन आवाज झाला!

त्या संध्याकाळी कोळीवाडा ढोल वाजवत नाचला. मग आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. अखेर जिल्ह्याने धोरणच केलं: नवी गोष्ट आधी गावात, गावकऱ्यांच्या हातांनी करून बघायची. आराखडा मागाहून.

ती बातमी आली तेव्हा ढोल पुन्हा निघाले. गुलालाने माखलेली शर्वाणी मठात आली, बुवांच्या पाया पडली.

“जिंकलो, बुवा! झालं एकदाचं काम पूर्ण!”

बाहेर ढोल घुमत होते. त्यातही कोळीवाड्याकडून करवतीचा आवाज येत होता. पेटीत कुणीतरी काहीतरी पुन्हा बदलत होतं...

बुवा कान देऊन हसले.

“पूर्ण झालेल्याचा तेरावा घालतात, पोरी. हे तर बारसं आहे.”