सावलीचा साप आणि भूपालची जागा

एका बाजारपेठेच्या गावात भूपाल नावाचा एक भांड्यांचा व्यापारी होता. भांडी काय, त्या गावात बरेच जण विकत. भूपालचा खरा लौकिक होता तो जागा धरण्यात. एसटी फलाटाला नीट लागायच्या आत त्याचा तांबडा रुमाल खिडकीतून आत पडलेला असे. लग्नात पहिली पंगत त्याची, प्रवचनाला पहिली रांग त्याची. एकट्यापुरती जागा धरून तो गप्प बसत नसे. सगळ्या घरादाराची जागा एकटाच अडवायचा. कोणी हरकत घेतलीच, तर त्याच्याकडे असं काही बघायचा की तो माणूस आपणहून दुसरीकडे सरके. "भूपाल पुढं गेलाय" एवढं कळलं, की घरची माणसं निवांत चहा पिऊन मग निघत.

भूपालला एक थोरली बहीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. आई लवकर गेली, तेव्हापासून आक्कानेच त्याला वाढवलं. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलं नाही. साडी आणली तर "कशाला आणलीस?" आणि दागिना केला तर "तुझ्या सुनेला दे." अशा या आक्काने एकदा दुकानातल्या कॅलेंडरवर एक चित्र पाहिलं. चित्र दूर मेक्सिको देशातलं होतं. तिथे माया लोकांनी फार पूर्वी वसवलेलं एक दगडी नगर होतं. नगर कधीच ओस पडलं, पण त्यातलं पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ अजून उभं होतं. वर्षात दिवस आणि रात्र सारखी होतात, त्या सुमारास उन्हं कलली की त्या देवळाच्या जिन्याच्या कठड्यावर ऊन-सावलीचा एक साप उमटतो. देवच साप होऊन खाली उतरतोय असं वाटतं. थोडा वेळ दिसतो आणि जातो, असं चित्राखाली छापलं होतं.

आक्का त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "हे एकदा डोळ्यांनी बघाय मिळालं असतं, तर लई बरं झालं असतं."

भूपालला भरून आलं. एवढ्या वर्षांत आक्काच्या तोंडून पहिल्यांदाच काही मागणं निघालं होतं. "दाखवतो की! आणि तेबी पहिल्या रांगेतनं," तो छाती काढून म्हणाला.

भूपाल बोलला की करणारच. पुढच्या वसंतात तो आक्काला घेऊन निघाला. एक विमान झालं, दुसरं झालं, हॉटेल झालं. ठरल्या दिवशी सकाळी सहलीची बस आली. तिच्यात पुढच्या खिडकीच्या दोन जागा कोणी धरल्या, ते सांगायला नकोच.

सहल दिवसभराची होती. वाट दाखवायला निक्ते नावाची त्याच भागातली एक माया बाई होती. निक्ते म्हणजे आमच्या भाषेत चाफा, असं तिने सांगितलं, आणि आक्काला ती एकदम माहेरची वाटू लागली. निक्ते सोपं इंग्रजी बोले. भूपालला ते समजे आणि तो आक्काला सांगे. नगराच्या दारात निक्ते सगळ्यांना म्हणाली, "आज गर्दी खूप आहे, पण घाई करू नका. साप कुठून दिसतो ते मला ठाऊक आहे. आधी नगर बघू. वेळ झाली की मी तुम्हाला त्या जागी नेईन."

भूपालने हे आक्काला सांगितलं खरं, पण त्याच्या स्वतःच्या गळी काही ते उतरलं नाही. जागा आणि दुसऱ्याच्या भरवशावर? असं त्याच्या हयातीत कधी झालं नव्हतं.

निक्ते सगळ्यांना सावकाश फिरवत होती. तिने चेंडू खेळायचं लांबलचक मैदान दाखवलं. त्याच्या भिंतीत उंचावर दगडाचं कडं बसवलेलं होतं. मग ती एका अफाट विहिरीच्या काठी घेऊन गेली. विहीर कोणी खणलेली नव्हती. जमीनच आत खचून तळाशी हिरवं पाणी लागलं होतं. आक्काने त्या पाण्याला हात जोडले. मोठ्या देवळासमोर येऊन निक्तेने टाळी वाजवली, तर वरून पाखरू बोलल्यासारखा आवाज परत आला. आक्काने मग स्वतः टाळी वाजवून बघितली, आणि आवाज आला तशी तोंडाला पदर लावून हसली. तिचे गुडघे दुखत होते. ती दर थोड्या वेळाने थांबे, पण तिचा चेहरा असा काही फुलला होता की बघणाऱ्यालाही बरं वाटावं.

भूपालचं यातल्या कशातच लक्ष नव्हतं. तो देवळाच्या पायथ्याकडे बघत होता. तिथे माणसं जमू लागली होती. एक आला, चार आले, घोळका झाला. भूपाल आक्काकडे वळला.

"आक्का, तू हिच्यासंगं सावकाश ये. मी पुढं जातो, जागा धरतो."

"अरे, ती दावणार म्हणाली न्हवं?"

"तिची तिच्यापाशी. आपली जागा मी धरतो."

आणि तो गेलाही. वय विसरून, ऊन विसरून, लोकांमधून वाट काढत तो थेट जिन्याच्या समोर पोचला. तिथे एक दोर बांधला होता. त्याच्यापुढे कोणाला जाता येत नव्हतं. दोराला लागून, अगदी मधोमध, त्याने रुमाल पसरला. शेजारी आक्काची शाल घातली, तिच्या टोकावर पाण्याची बाटली ठेवली आणि मध्ये स्वतः मांडी ठोकली. एक धिप्पाड गोरा माणूस शालीशेजारी टेकू लागला. भूपालने त्याच्याकडे आपलं ते ठेवणीतलं बघणं बघितलं. तो बिचारा उठून गेला. भूपाल खूश झाला. देश परका असला तरी विद्या चालत होती. सगळ्या जगाच्या पुढे आज त्याच्या आक्काची जागा होती, आणि ती त्याने धरली होती.

ऊन कलत गेलं. भूपाल जिन्याकडे डोळे लावून बसला. त्याला सरळ वर गेलेल्या पायऱ्या दिसत होत्या, आणि कठड्याच्या पायथ्याशी जबडा उघडलेलं सापाचं दगडी तोंड. साप काही दिसत नव्हता. अजून वेळ असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

एवढ्यात उजवीकडून मोठा गलका उठला. माणसं टाळ्या वाजवू लागली, एकमेकांना बोटं दाखवू लागली. भूपालने परत जिना बघितला. पायऱ्याच होत्या. मग त्याने मान वळवली. मैदानाच्या उजव्या अंगाला, बऱ्याच मागे, एका झाडाखाली निक्ते आपल्या सगळ्या माणसांना घेऊन उभी होती. तिथून कठड्याची बाजू दिसत होती. साप उमटत होता तो त्या बाजूवर. समोर बसलेल्याला तो कधीच दिसणार नव्हता. झाडाखाली आक्काही उभी होती. तिचा एक हात गालावर होता. दुसरा हात ती जोरजोरात हलवत होती.

"भूपाल! हिकडं ये की रं! हितनं दिसतंय!"

"तूच ये हिकडं! जागा धरलीया!"

गर्दीत एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. नुसते हात हलत होते. भाऊ बहिणीला बोलवत होता, बहीण भावाला.

भूपालला आता सगळं कळलं होतं, पण त्याला उठवेना. उठलं की जागा गेली. मागची चार माणसं टपूनच बसली होती. धरलेली जागा सोडायची सवयच त्याच्या अंगाला नव्हती. आक्काने तर बघितलं ना, मग झालं, असा विचार करून तो शालीवर हात ठेवून बसून राहिला.

मग त्याने पाहिलं, की आक्का चालायला लागली आहे. तिने देवळाकडे पाठ केली होती, सापाकडे पाठ केली होती, आणि गुडघ्यावर हात ठेवून, माणसांचे धक्के खात ती त्याच्याकडे येत होती. निक्ते मागून तिला थांबवत होती, उन्हाकडे बोट दाखवत होती. आक्का थांबत नव्हती. जन्मात एक गोष्ट तिने मागितली होती. ती समोर उभी असताना तिने पाठ फिरवली, कारण भाऊ एकटा बसला होता. आयुष्यभर ती हेच करत आली होती. आपलं ताट बाजूला सारायचं आणि भूपाल जेवला का ते बघायला उठायचं.

भूपाल ताडकन उठला. चार पावलं जातो न जातो तोच मागची माणसं त्याच्या जागेवर सरकली. त्याने वळूनही बघितलं नाही. ज्याला त्याला हात जोडत, खांद्यांखालून, काखेखालून वाट काढत तो धावला. मैदानाच्या मध्ये दोघांची गाठ पडली. आक्काला धाप लागली होती.

"जागा सोडून आलास व्हय रं?"

"मरू दे ती जागा! आक्का, वळ आधी. तिकडं बघ."

त्याने तिचे दोन्ही खांदे धरून तिला वळवलं. पुढे माणसांच्या टोप्याच टोप्या होत्या. आक्काला काही दिसेना. पुढच्या एका अनोळखी बाईने मागे वळून आक्काकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. समोर मोकळं झालं. कठड्याच्या बाजूवर उन्हाचे तुकडे एकाखाली एक लागले होते. वरचे दोन विझत आले होते, पण खालचे अजून लखलखत होते, आणि त्यांची नागमोडी ओळ पार त्या दगडी तोंडापर्यंत उतरली होती.

आक्काने सापाकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं.

"दिसला का रं तुला?"

"दिसला, आक्का," भूपाल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. शेवटचा तुकडा विझेपर्यंत दोघं एकमेकांचा हात धरून तिथेच उभी राहिली.

तात्पर्य: आपल्या माणसाला मागे टाकून धरलेली पहिली जागा ना त्याच्या कामाची असते ना आपल्या; ज्याला आनंद द्यायचा, त्याच्या शेजारी उभं राहावं.