चावडीत रचलेली दारं

विणकरांच्या धोटेगावात रायाजी नावाचा एक कोतवाल होता. अंगाने दांडगा, मिशा भरघोस आणि हात स्वच्छ. लाच म्हणून त्याने कधी कुणाचा विडासुद्धा घेतला नव्हता. गावाला त्याचा धाक होता आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

त्या गावाला अफूची कीड लागली होती. विणकर दिवसभर मागावर वाकून बसत आणि संध्याकाळी पाठ धरून उठत. कुणीतरी कानात सांगे, एवढीशी गोळी घे, आपल्याला पाठ आहे हेच विसरशील. माणूस आधी पाठ विसरे, मग काम विसरे आणि शेवटी घरही विसरे. रायाजीचा धाकटा भाऊ असाच गेला. खोलीला आतून कडी लावून तो पडून होता. रायाजी दार फोडून आत गेला, तोवर सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून त्याने दोन गोष्टींशी वैर धरलं. एक अफू आणि दुसरं बंद दार.

राजाने अफूबंदी केली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद रायाजीला झाला. त्याने बाजारातली अफूची दुकानं उठवली आणि विकणाऱ्यांना वेशीबाहेर काढलं. हे त्याने चांगलंच केलं. इथवर कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. पण अफूने काही गाव सोडलं नाही. ती बाजारातून उठली आणि घराघरांत जाऊन बसली.

रायाजी चिडला. त्याने राजाकडून नवा हुकूम मिळवला आणि गावात दवंडी पिटवली. ज्या घरात अफू सापडेल, त्या घराचं दार काढून चावडीत जमा होईल. जो झडती घेऊ देणार नाही, त्याचंही दार जाईल. दार गेल्यावर पुन्हा अफू सापडली, तर माणूस तुरुंगात जाईल. आणि अफू खाल्लेल्या माणसाला हात लावण्याआधी वैद्याने चावडीवर वर्दी द्यावी.

मग शिपाई आणि सुतार जोडीनेच फिरू लागले. शिपाई घर धुंडाळत, सुतार बिजागऱ्या काढी. चावडीच्या पडवीत दारांची चळत लागली. काही दारांवर कुंकवाची स्वस्तिकं होती, काहींवर पोरांनी कोळशाने ओढलेल्या रेघोट्या. रायाजी रोज सकाळी गावातून फेरी मारी. कोण जेवतंय, कोण भांडतंय, कोण पाय चेपून घेतंय, सगळं रस्त्यावरून दिसे. त्याला वाटे, आता गाव कसं लख्ख झालं. गावाला काय वाटतं, हे त्याने कुणाला विचारलं नाही. त्याच्या स्वतःच्या घराला दार होतं, त्यामुळे विचारायचं सुचलंही नसावं.

एके दिवशी शिपाई भिवराबाईच्या घरापाशी आले. भिवराबाई म्हातारी होती, एकटीच राहायची आणि लुगड्याचा काठ विणावा तर तिनेच. तिचा नवरा अफूपायी गेला होता. अफूचं नाव निघालं तरी ती थुंकायची. हे गावाला माहीत होतं, तसं रायाजीलाही माहीत होतं. तरीही शिपायांना पाहून ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“माझ्या घरात अफू न्हाई,” ती म्हणाली. “असती तर मीच चुलीत घातली असती. पण म्हणून तुमच्या शिपायांनी माझ्या उतरंडी उपसायच्या न्हाईत.”

“लपवण्यासारखं काही नाही, तर मग भिता कशाला, आजी?” रायाजीने विचारलं.

“अंघोळ करताना तरी मी काय लपवते, कोतवालदादा? पण दार लावूनच करते न्हवं?”

एका शिपायाला हसू आलं. रायाजीला आलं नाही. त्याने सुताराला खूण केली आणि दार निघालं.

म्हातारीने आरडाओरडा केला नाही. ती मागापाशी गेली, अर्धवट विणलेलं लुगडं तिने कापून काढलं आणि रिकाम्या चौकटीला टांगलं. धोटेगावात अर्धं विणलेलं कापड मागावरून कधी काढत नसत. घरात कुणी गेलं तरच काढत. त्या दिवशी त्या आळीत एकही माग वाजला नाही. ती शांतता रायाजीच्याही कानावर पडली. पण गाव भ्यालं म्हणजे आपलं काम फत्ते झालं, असा त्याचा हिशेब होता, म्हणून तो खूश होऊन घरी गेला.

भिवराबाईच्या समोर तान्हूबाई आणि तिचा तरुण मुलगा सोपान राहत. त्यांचं दार आधीच गेलं होतं. आईने गळ्याची शपथ घातल्यापासून सोपान अफू सोडायची धडपड करत होता. रोज गोळी आदल्या दिवसापेक्षा थोडी लहान करायची, असं त्याने ठरवलं होतं आणि ते तो पाळतही होता. पुढे एका सकाळी तो गोळी तोडत असताना रस्त्यावर शिपायांच्या वहाणा वाजल्या. लपवायला आडोसा नव्हता आणि आता सापडला तर तुरुंग. घाबरून त्याने होती नव्हती ती सगळी अफू तोंडात टाकली आणि गिळली. शिपाई त्या घरात डोकावलेसुद्धा नाहीत, सरळ पुढे निघून गेले.

काही वेळाने रायाजी फेरीवर आला. त्याला उघड्या चौकटीतून घोंगडीवर आडवा झालेला सोपान दिसला. तो मोठ्याने घोरत होता.

“झोपला का गं पोरगा?” रायाजीने विचारलं.

“व्हय जी,” तान्हूबाई कशीबशी म्हणाली. “पहाटेपासून मागावर व्हता.”

रायाजी समाधानाने पुढे गेला. मरणाच्या दारात पडलेला माणूस त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्याला वाटलं, हे घर सुधारलं.

तान्हूबाई पुरती कात्रीत सापडली. वैद्याला बोलवावं तर वर्दी जाणार आणि वर्दी गेली की पोरगा तुरुंगात. न बोलवावं, तर काय होईल याचा विचार तिला करवत नव्हता. ती नुसती त्याचे तळवे चोळत बसली. समोरून भिवराबाईने ते पाहिलं. ती धावत आली, सोपानचे निळे पडलेले ओठ पाहिले, तशीच वैद्याकडे गेली आणि तिथून तडक चावडीवर.

“सोपान मरतोय,” ती रायाजीला म्हणाली. “वैद्यबुवा वर्दीबिगर पाऊल उचलत न्हाईत.”

“मी आत्ताच त्याला पाहून आलो. झोपलाय तो.”

“पाहिलंत खरं. पण आईला तुमच्याशी खरं बोलायची चोरी. मग नुसतं पाहून काय कळणार?”

रायाजीला भाऊ आठवला. इतकी वर्षं तो दाराला दोष देत आला होता. सोपानच्या घराला तर दारच नव्हतं. सगळी आळी बघत होती, तरी आई मदतीला हाक मारू शकत नव्हती. भावाने तरी कडी का लावली असेल? थोरल्याला कळलं तर तो सोलून काढेल, या भीतीनेच लावली असेल. हे रायाजीला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

पण रडत बसायची ती वेळ नव्हती. हुकूम राजाचा होता. तो मोडला तर कोतवाली जाणार होती आणि राजाची लहर फिरली तर जीवही. रायाजी उठला, वैद्याच्या घरी गेला आणि त्याने वैद्याचा हातच धरला.

“वर्दी राहू द्या, बुवा. राजाला जाब मी देईन. तुम्ही आधी पोराला बघा.”

वैद्याने सोपानला उठवून बसवलं, तोंडावर गार पाणी मारलं, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढवली. मग त्याला झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून रायाजीने त्याला बगलेत धरून अंगणात चालवलं. सोपानचे पाय फरफटत होते, मान पडत होती आणि कोतवाल त्याला लहान मुलाला घालावी तशी नावाने साद घालत होता. दिवेलागणीला सोपानने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तान्हूबाई रडली. रायाजीही रडला आणि त्याने ते कुणापासून लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो राजासमोर उभा राहिला आणि आपण हुकूम मोडला, असं स्वतःच सांगितलं. राजा संतापला.

“म्हणजे अफू मोकाट सोडू म्हणतोस?”

“नाही महाराज. विकणाऱ्याला मी सोडणार नाही. त्याला बाजारात गाठेन, नाक्यावर गाठेन. कुणाच्या घरात शिरायचंच झालं, तर आधी साक्षीपुरावा आणि न्यायाधीशांची परवानगी घेईन. पण आजारी माणूस आणि वैद्य यांच्या मधे मी उभा राहणार नाही. त्या कामाला दुसरा कोतवाल नेमा.”

“आणि कुणी आपल्या घरात बसून अफू खाल्ली तर?”

“तर तो चुकतोय. आई सांगेल, वैद्य सांगेल, वाटेत भेटला तर मीही सांगेन. पण घराचं दार काढून माणूस शहाणा होत नाही, महाराज. मी करून पाहिलंय.”

राजा फार शहाणा होता अशातला भाग नाही. पण असा कोतवाल पुन्हा मिळायचा नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याने हुकूम मागे घेतला.

दारं परत बसवताना फार फजिती झाली. कुठलं दार कुठल्या चौकटीचं, हे सुतारालाच आठवेना. शेवटी बायकांनी येऊन आपापली दारं ओळखली. भिवराबाईचं दार रायाजी स्वतः खांद्यावर घेऊन गेला. ते बसेपर्यंत तो बाहेरच उभा होता. म्हातारीने त्याचे आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

पुढे थोड्याच दिवसांत, कुणी बोलावलेलं नसताना, तान्हूबाई चावडीवर आली. सोपान अफू कुठून आणत असे, ते तिने रायाजीला सांगितलं आणि न्यायाधीशांपुढे सांगायचीही तयारी दाखवली. सगळ्या गावाला सूत पुरवणारा गुलाबशेट सुताच्या गाठोड्यांतूनच अफू आणत होता. देवळाला देणग्या देणाऱ्या या गुलाबशेटच्या दाराला आजवर शिपायांनी बोटही लावलं नव्हतं. रायाजीने नाक्यावर त्याची गाडी अडवली आणि चारचौघांसमोर गाठोडी सोडायला लावली. सुताच्या पोटात अफूच्या वड्या निघाल्या.

“दार काढून माणूस शहाणा होत नाही, असं तुम्हीच राजाला सांगितलंत ना? मग प्रत्येकाला आपल्या मर्जीने जगू द्या,” गुलाबशेट म्हणाला.

“सांगितलं, शेट. आपल्या घरात आपल्या मर्जीने जगा. दुसऱ्याच्या घरात विष पोचवणं ही तुमची मर्जी नव्हे, तो तुमचा धंदा आहे.”

गुलाबशेटला शिक्षा झाली. गावातली अफू बरीचशी थांबली. ज्यांची सुटत नव्हती, ते आता उजळ माथ्याने वैद्याकडे जाऊ लागले. रायाजीच्या मनाला मात्र एक गोष्ट कायम लागून राहिली. गुलाबशेटचं गुपित अर्ध्या गावाला पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्याने आपली दारं काढून नेली, त्याला ते सांगायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

तात्पर्य: कायद्याने विष विकणाऱ्याची वाट अडवावी, मदत मागणाऱ्याची नव्हे; ज्याच्या उंबऱ्याचा मान राखला जातो, तोच माणूस आपण होऊन कायद्याला साथ देतो.